गोडाऊन घेण्याआधी खोके मोजा

वाचकाचं पत्र थोडक्यात असं:

"सोलापुरात पूर्व भागात आमचा टॉवेलचा कारखाना आहे, सोळा माग. वडील असेपर्यंत सगळा माल चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याला जायचा. आता शारजातला एक घाऊक व्यापारी दर दोन महिन्यांनी साठ खोके थेट आमच्याकडून घेतो. शिवाय कोची आणि बेंगळुरूला आठवड्यातून दोन-तीनदा चार-पाच डाग, म्हणजे बांधलेले नग, जातात. थोरला भाऊ म्हणतो, चिंचोळी एमआयडीसीत गोडाऊन मिळतंय ते घेऊ, माल साठवू आणि वीस फुटी कंटेनर भरला की एकदम पाठवू, सुटा माल पाठवण्यात आपण लुबाडले जातो. पहिल्या खेपेला तसं झालंही. माल परदेशी पोचवण्याची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरनं जहाजाचं भाडं अगदी किरकोळ सांगितलं आणि तिकडे आमच्या व्यापाऱ्याकडून भरमसाट पैसे घेतले. तो आमच्यावरच रागावला. गोडाऊनच्या डिपॉझिटसाठी आई तिच्या पाटल्या मोडायला निघाली आहे. दसऱ्याला करार करायचा असं ठरतंय. मला पटत नाही, पण भावाला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही."

पाटल्या मोडू नका. हे पहिल्याच ओळीत सांगतो, कारण बाकीचं तुम्ही सावकाश वाचाल, पण दसरा तोंडावर आला आहे. तुमच्या भावाचं अर्धं म्हणणं खरं आहे. घरात बोलायला बसाल तेव्हा ते अर्धं आधी मोकळ्या मनानं मान्य करा, तरच उरलेलं तो ऐकून घेईल.

आधी हिशेब करू. खोक्याचं माप तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून आपल्याकडे टॉवेलला सर्रास वापरतात ते धरतो: 60 बाय 40 बाय 40 सेंटिमीटर. एका खोक्याचं घनफळ झालं 0.096 घनमीटर, साठ खोक्यांचं 5.76. वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे 33 घनमीटर असते, पण खोके रचताना फटी राहतात आणि शेवटचा थर दाराशी नीट बसत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात 26 ते 28 घनमीटरच माल बसतो. म्हणजे कंटेनर भरायला तुमच्या जवळजवळ पाच खेपा लागतील. पहिली खेप दसऱ्याला गोडाऊनमध्ये गेली तर पाचवी तयार होईल आठ महिन्यांनी, ज्येष्ठात. पहिल्या साठ खोक्यांनी तोवर चिंचोळीतच मुक्काम करायचा, आणि मग नेमक्या पावसाच्या तोंडावर बंदराकडे निघायचं.

भाऊ म्हणेल, कंटेनर काठोकाठ भरायलाच हवा असं कुठे आहे? त्याचं बरोबर आहे. साधारण 13 ते 15 घनमीटरच्या पुढे गेलं की सुटा माल पाठवण्यापेक्षा अख्खा कंटेनर घेणं स्वस्त पडू लागतं, मग तो थोडा रिकामा गेला तरी. तुमच्या तीन खेपा म्हणजे 17.28 घनमीटर. पण तिथेही पहिली खेप चार महिने थांबते. सुताचं बिल, डाईंगचं बिल, कामगारांचा पगार यातलं काहीच चार महिने थांबत नाही. आणि शारजाचा माणूस दर दोन महिन्यांनी साठ खोके मागतो, कारण त्याच्या दुकानातला माल दोन महिन्यांत संपतो. त्याला चार महिन्यांनी एकशे ऐंशी खोके दिलेत, तर मधल्या काळात तो दुसऱ्या कुणाकडून घेईल. भाड्यात वाचवलेले पैसे मोजायला मग ग्राहकच उरणार नाही. या घडीला माझ्या मते हाच तुमच्यापुढचा खरा धोका आहे. भाडं त्यानंतर येतं.

आता गोडाऊन कशासाठी असतं त्याबद्दल. आषाढात वाखरीला काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. देहू, आळंदी, पैठण, त्र्यंबकेश्वर, मुक्ताईनगर अशा ठिकाणांहून पालख्या निघतात. त्यांचे दिवस वेगळे, मुक्काम वेगळे, चाल वेगळी. वाखरीला त्यांची गाठ पडते आणि तिथून त्या मिळून पंढरपुरात जातात. वाखरीला कुणी राहायला जात नाही, भेटायला जातात. मालवाहतुकीतलं गोडाऊन तसंच असतं. ठिकठिकाणांहून आलेल्या, कमी-जास्त वेगाच्या मालाची गाठ घालून द्यायची आणि सगळा माल एका वाहनात बसवून पुढे लावून द्यायचा. माल साठवणं त्या ओघात होतं, आणि ते जितके कमी दिवस होईल तितकं चांगलं.

भावाच्या डोक्यातली कल्पना जुन्या वखारीची आहे, आणि एके काळी तीच योग्य होती. सुरतेला, राजापूरला परदेशी कंपन्यांच्या वखारी होत्या. शिडाची जहाजं वाऱ्याच्या हंगामातच येत, म्हणून एरवी कापड विकत घेऊन वखारीत जमवून ठेवावं लागे. आज न्हावाशेव्याहून दुबईच्या जेबेल अली बंदराकडे जहाजं सतत जातात, आणि सुटा माल एकत्र करणारे कन्सॉलिडेटर या मार्गावर दर आठवड्याला कंटेनर भरतात. जहाजाची वाट पाहत माल साठवायची गरज उरलेली नाही. तुमच्या साठ खोक्यांची गाठ दुसऱ्यांच्या मालाशी घालून देणारी जागा आधीच तयार आहे. तिचं भाडं वर्षाचं भरावं लागत नाही. जितके घनमीटर माल तितकंच द्यायचं.

ती जागा म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशन. धंद्यात सगळे सीएफएसच म्हणतात. उरण, द्रोणागिरी, पनवेल या पट्ट्यात अशी आवारं आहेत. तुमचा टेम्पो तिथे पोचला की खोके शेडमध्ये उतरवतात, मोजतात, मापतात. याला कार्टिंग म्हणतात. तुमचा कस्टम्स ब्रोकर, ज्याला सगळे अजून सीएचएच म्हणतात, ऑनलाइन शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा अर्ज, भरतो. कस्टम्सला वाटलं तर खोके उघडून बघतात, आणि लेट एक्सपोर्ट ऑर्डर मिळाली की माल निर्यातीला मोकळा होतो. मग कन्सॉलिडेटर चार-दहा जणांचा माल एका कंटेनरमध्ये रचतो, सील लावतो आणि कंटेनर बंदरात जातो. जहाज कंपनी मास्टर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल घेतल्याची मुख्य पावती, देते ती कन्सॉलिडेटरला. तुमच्या हातात येतं ते त्यानं दिलेलं हाउस बिल. पलीकडे पोचल्यावर हीच वाट उलटी: तिथल्या शेडमध्ये कंटेनर उघडायचा, ज्याचा त्याचा माल वेगळा करायचा. समुद्रातला प्रवास थोड्या दिवसांचा असतो. तुमचे खोके त्याहून जास्त दिवस या ना त्या शेडमध्ये घालवतात. म्हणून उशीर, नुकसान आणि न समजलेली बिलं हे सगळं बहुतेक वेळा शेडमध्येच घडतं.

पहिल्या खेपेला तुम्हाला बसलेला फटकाही तिथलाच. सुट्या मालात बिलाचे तीन भाग असतात: इकडच्या शेडचा खर्च, जहाजाचं भाडं आणि तिकडच्या शेडचा खर्च. तुम्हाला फक्त मधला भाग सांगितला गेला. काही जण तो मुद्दाम अगदी कमी लावतात, कधी शून्यावरही आणतात, आणि भरपाई तिकडे माल सोडवायला आलेल्याकडून करून घेतात. ज्यानं दर ठरवला त्याला झळ लागत नाही, आणि ज्याला झळ लागते त्याला कुणी विचारलेलं नसतं. तुमचा व्यापारी रागावला त्यात त्याची काही चूक नाही. पुढच्या वेळी निदान तीन फॉरवर्डरकडून दोन्ही टोकांचे सगळे खर्च दर घनमीटरला किती आणि दर बिलाला किती, असे लेखी मागा. तिकडचा तक्ता बुकिंगच्या आधी व्यापाऱ्याला पाठवून त्याची मान्यता घ्या. जो फॉरवर्डर तिकडचे दर लिहून द्यायला टाळाटाळ करतो, त्याला माल देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

इथेच एक शब्द सौद्यात बदलून घ्या. आपल्याकडे सरसकट एफओबीवर भाव देतात. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम तुमची असते, आणि सुट्या मालात तर तुम्ही खोके सीएफएसला सोपवून परत येता. पुढे कंटेनर कधी भरला, जहाज चुकलं का, यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. कंटेनरच्या मालाला एफसीए ही अट जास्त बरोबर बसते: ठरलेल्या शेडमध्ये माल ताब्यात दिला, पोच घेतली, की जोखीम खरेदीदाराकडे गेली. आणि भारत-अमिराती व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे. त्या कराराखालचं ओरिजिन सर्टिफिकेट, म्हणजे माल भारतातला असल्याचा दाखला, दर खेपेला काढता ना? त्यावर तुमच्या व्यापाऱ्याची जकात वाचते. पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारतो.

आता खोक्यांकडे वळतो, कारण तुमचे सर्वांत जास्त पैसे इथे वाचणार आहेत, तेही गोडाऊन न घेता. सुट्या मालाचं भाडं घनमीटर किंवा टन, यातलं जे जास्त भरेल त्यावर लागतं. टॉवेल हा फुगीर माल. एका खोक्यात बावीस किलो धरले तरी साठ खोक्यांचं वजन 1.32 टन, आणि घनफळ 5.76. म्हणजे तुम्ही भाडं भरता ते वजनाचं नाही, जागेचं. सीएफएसमध्ये माप घेतात ते खोक्याच्या सर्वांत फुगलेल्या जागी. टॉवेल दाबून भरले, खोक्याचं पोट सुटलं आणि चाळीसची उंची चव्वेचाळीस झाली, तर तीच खेप 6.34 घनमीटर होते. अर्ध्या घनमीटरहून जास्त हवेचं भाडं तुम्ही दोन्ही टोकांना भरलंत. उलट घडी बदलून, खोक्याची उंची पस्तीसवर आणून तेवढेच टॉवेल बसवता आले तर 5.04 होतात. घडीचं काम करणाऱ्या बायकांना घेऊन एक दुपार बसा. चार तऱ्हांनी घडी घालून, भरून, टेप लावून, रात्रभर ठेवून सकाळी मोजा. टॉवेल रात्रीतून फुगतो, म्हणून सकाळचं माप खरं.

ओलाव्याचंही सांगतो. सुती माल हवेतला दमटपणा ओढून घेतो, वजनाच्या आठ-साडेआठ टक्के पाणी त्याच्यात एरवीही असतंच. सोलापूरच्या कोरड्या हवेत बांधलेला खोका उरणच्या शेडमध्ये पावसाळ्यात आठवडाभर पडला, की पुठ्ठा मऊ होतो, खालचा थर दबतो, आत बुरशी धरते. ड्रायरमधून काढलेला गरम माल कधीही लगेच पॅक करू नका, निवू द्या. आत पॉलिथिनचं अस्तर आणि ओल शोषणाऱ्या पुड्या घाला. पावसाळ्यात पाच थरांऐवजी सात थरांचा पुठ्ठा घ्या. त्याच्या खर्चाचा विषय भाऊ काढेल, तर त्याला एका परत आलेल्या खोक्याचा हिशेब दाखवा.

आणि शेजार विचारा. कंटेनरमध्ये तुमच्या शेजारी काय भरणार आहेत, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. टॉवेल वास धरतो. मसाला, मिरची, रबर, रसायन असलं काही शेजारी असेल तर त्या कंटेनरमध्ये माल देऊ नका, पुढच्या आठवड्याचा घ्या. आपल्या गावची शेंगाचटणी आता कुठेकुठे जाते याचा मला फार आनंद आहे, पण त्यातला लसूण हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलला लागला तर तो धुऊनही जात नाही.

मी स्वतः सव्वीस वर्षं टॉवेलच्या डिस्पॅचला काढली. त्यातली एक गोष्ट अजून सलते. एका ऑर्डरचे 112 खोके होते. कागदावर 112 लिहिले आणि सीएफएसमध्ये मोजले तेव्हा 111 भरले. रात्री फोनाफोनी केली. एक खोका इथेच, माग-शेडच्या दारामागे, झाकण्याच्या ताडपत्रीखाली राहिला होता. पण कागद आणि माल जुळेना म्हणून कस्टम्सनं पुढची परवानगी थांबवली. दुरुस्ती होईपर्यंत कंटेनर आमचा माल न घेता निघून गेला. आठवडा गेला, शेडचं भाडं चढलं, आणि ज्या हॉटेलसाठी तो माल होता ते ठरल्या तारखेला जुन्याच टॉवेलवर सुरू झालं. ती ऑर्डर पुन्हा आली नाही. चूक माझी होती. मी खोके टेम्पोत चढताना मोजले नव्हते, आदल्या संध्याकाळचा आकडा विश्वासानं लिहिला होता. तेव्हापासून मी एकच रीत पाळली: खोका टेम्पोच्या फळीवरून आत जाताना मोजायचा, मोजणारा एक आणि लिहिणारा दुसरा, आणि प्रत्येक खोक्यावर "60 पैकी 1", "60 पैकी 2" असा नंबर दोन बाजूंना. सोबत रंगाच्या लॉटचा नंबरही घाला. एकाच ऑर्डरचे दोन लॉट दोन वेगळ्या खेपांत गेले की तिकडे निळ्याशी निळा जुळत नाही, आणि दोष तुमच्या रंगाऱ्यावर येतो.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. शारजाच्या व्यापाऱ्याला विचारा: तुम्ही भारतातून आणखी काय घेता? घाऊक व्यापारी फक्त टॉवेल घेत नाही. तो चादरी घेत असेल, नॅपकिन, बेडशीट, कदाचित आपल्याच गावातून युनिफॉर्म घेत असेल. हे सगळे पुरवठादार आज आपापला सुटा माल वेगवेगळा पाठवत असतील आणि तो तिकडे प्रत्येकाच्या बिलावर शेडचा खर्च वेगळा भरत असेल. त्याऐवजी त्यानं एक फॉरवर्डर नेमावा, सगळ्यांनी ठरल्या दिवशी त्याच्या गोडाऊनला माल द्यावा, आणि तिथून त्याच्या एकट्याच्या नावानं पूर्ण कंटेनर निघावा. याला बायर्स कन्सॉलिडेशन म्हणतात. तुमचे पावणेसहा, चादरवाल्याचे पाच-सहा, युनिफॉर्मचे तीन-चार, असं पंधराच्या पुढे गेलं की अख्खा कंटेनर परवडतो. परका शेजार नाही, वासाची भीती नाही, तिकडे दहा जणांच्या गर्दीत उघडणं नाही. तुमच्या भावाला हवा असलेला पूर्ण कंटेनर मिळतो, आणि कुणाचा माल चार महिने थांबतही नाही. भावाचं जे अर्धं खरं म्हणालो ते हेच: एकत्र पाठवणं स्वस्त असतं. फक्त त्यानं स्वतःच्याच मालाशी स्वतःचा माल एकत्र करायचं ठरवलं. त्याला वेळ लागतो. दुसऱ्याच्या मालाशी केला की वेळ लागत नाही.

आपल्या जिल्ह्यानं हे अगदी जवळून पाहिलेलं आहे. 28 डिसेंबर 2020 ला सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला शंभरावी किसान रेल सुटली. त्या गाडीत फ्लॉवर, ढोबळी मिरची, शेवगा, कांदा, द्राक्षं, डाळिंब असं सगळं एकत्र होतं, आणि किमान इतका माल हवाच अशी अटच नव्हती. ज्याच्याकडे अख्खी गाडी भरेल एवढा माल कधीच होणार नाही अशा शेतकऱ्याचे चार क्रेटही थेट बंगालपर्यंत गेले, कारण दुसऱ्यांचे क्रेट शेजारी होते. सांगोल्याच्या डाळिंबवाल्यानं आपल्या एकट्याच्या मालानं डबा भरायची वाट पाहिली असती तर डाळिंब जागेवर सडलं असतं. टॉवेल सडत नाही, म्हणून आपल्याला थांबण्याची किंमत दिसत नाही. ती असतेच.

शारजाचं उत्तर येईपर्यंत पूर्व भागातच चौकशी करा. तुमच्या गल्लीत आणखी कुणी न्हावाशेव्याला माल पाठवतंच असणार. चारशे किलोमीटरच्या आसपासचं ते अंतर. एक ट्रक मिळून केलात तर पार्ट लोडपेक्षा बरं पडतं, आणि मुख्य म्हणजे माल वाटेत कुठल्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला उतरत-चढत नाही. प्रत्येक चढ-उतारीत खोक्याचे कोपरे जातात. मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस असते, आणि सीएफएसची कट-ऑफ, म्हणजे माल घेण्याची शेवटची वेळ, कुणासाठी थांबत नाही. म्हणून गाडी कट-ऑफच्या निदान एक दिवस आधी तिथे उभी राहील असं निघा. फार आधीही नको. ठरावीक दिवसांपुढे शेडचं भाडं दिवसागणिक चढतं.

कोची-बेंगळुरूचं मात्र वेगळं आहे. तिथे भाऊ बरोबर आहे. आठवड्यातून तीनदा चार-चार डाग बुक करता, प्रत्येक एलआरला, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीला, किमान भाडं, प्रत्येक वेळी हमाली, प्रत्येक वेळी टेम्पो ट्रान्सपोर्टच्या ऑफिसपर्यंत. हे आठवड्यातून एकदाच करा. ग्राहकांना वार ठरवून सांगा, मंगळवार म्हणजे मंगळवार, आणि त्या दिवशी बारा-पंधरा डाग एकदम द्या. वार पक्का असला की ग्राहकही त्याप्रमाणे ऑर्डर द्यायला शिकतात. तेवढ्यासाठी हवी ती सहा दिवसांची जागा, एका खोलीची. एलआरवर मालाची किंमत लिहायला विसरू नका. 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याखाली, किंमत आणि जास्त जोखमीचा दर ठरलेला नसेल तर माल हरवल्यावर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. दीड हजार भाड्यावर लाखाचा माल गेला तर पंधरा हजार हातात येतील. आणि लेखी तक्रार बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत द्यावी लागते, नाहीतर दावाच लावता येत नाही. पुढेमागे बेंगळुरूचा व्यापार वाढला आणि ग्राहकाला दुसऱ्या दिवशी माल हवा असं झालं, तर तिथेच खोक्यामागे भाडं घेणारं तिसऱ्याचं गोडाऊन बघा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यापासून केवळ कराच्या सोयीसाठी राज्याराज्यात गोडाऊन ठेवायची गरज राहिलेली नाही. ठेवायचं ते ग्राहक जवळ आहे म्हणून.

विम्याची एक गोष्ट भावाला नक्की वाचून दाखवा. निर्यातीचा ट्रान्झिट विमा गोडाऊन ते गोडाऊन असतो असं सगळे म्हणतात, आणि ते बरोबरही आहे, पण तो प्रवासाच्या नेहमीच्या ओघातल्या थांब्यापुरता. तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी, कंटेनर भरेपर्यंत, माल महिनोन्‌महिने ठेवलात तर तो प्रवास राहत नाही, साठा होतो. त्याला त्या जागेच्या पत्त्यावर काढलेला वेगळा आगीचा विमा लागतो. भाड्याचा हिशेब मांडताना हा हप्ता बहुधा कुणी धरत नाही.

आणि आगीचा विषय निघालाच आहे तर मनापासून एक विनंती. तुमचा तयार माल आज कुठे ठेवता? माग-शेडमध्येच, किंवा जिन्याखाली, असं असेल आणि वर घर किंवा कामगारांची झोपायची जागा असेल, तर ते सगळ्यात आधी बदला. सुती धूळ, जुनी वायर आणि पुठ्ठ्याचे ढीग एका छपराखाली नकोत, आणि त्या छपराखाली माणसं तर मुळीच नकोत. सोलापूरकराला याहून जास्त सांगायची गरज नाही. यासाठी पैसे खर्च करावे लागले तर करा.

तुम्हाला हवी असलेली जागा एवढीच आहे: मागापासून वेगळी, दोन दारांची, साठ खोके, आठवड्याचे पंधरा डाग आणि मोजायला एक टेबल मावेल अशी. खोके जमिनीवर नाही, पॅलेटवर, भिंतीपासून फूटभर सोडून. आधी आलेला माल आधी बाहेर. दारात एक वही. ती वही रोज संध्याकाळी भावानं लिहावी असं मी सुचवेन. साठवण्याची हौस त्याला आहे, तर साठा त्याच्याच नजरेखाली राहू द्या. सहा महिने वही नीट लिहिली गेली आणि तीत कुठल्याही एका दिवशी दीडशेच्या वर खोके दिसू लागले, तर चिंचोळीच्या गाळ्याचा विषय पुन्हा काढा. तेव्हा मीच म्हणेन घ्या म्हणून.

कारखान्याच्या मागच्या बाजूला अशी एखादी खोली असेल तर तिची लांबी, रुंदी, उंची मोजून मला कळवा. दाराची रुंदीही कळवा, कारण दार चार फुटांहून अरुंद असेल तर भरलेलं पॅलेट आत जाणार नाही आणि खोके हातानंच रचावे लागतील. त्याची मांडणी वेगळी करावी लागते.